डॅट कॅसेटमधील जुन्या मैफिली इंडी संगणकावर उतरवताना

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्या काकांनी १९९०च्या दशकात न्यू जर्सीत घरगुती मैफिली भरवल्या आणि त्या हातात धरण्याजोग्या डॅट (डिजिटल ऑडिओ टेप) यंत्रावर मुद्रित केल्या. त्या कॅसेट आता आपल्याकडे आल्या आहेत आणि सिलिकॉन ग्राफिक्सचा (एसजीआयचा) चालू स्थितीतला इंडी संगणकही आपल्याला मिळाला आहे. या संगणकाला टेप ड्राइव्ह जोडून कॅसेट थेट वाचाव्यात, की डॅट डेक आजच्या संगणकाला डिजिटल केबलने जोडून कॅसेट वाजवाव्यात आणि तो आवाज मुद्रित करावा, असे आपण विचारले आहे. माझा कौल ड्राइव्हच्या बाजूने आहे. मात्र डेक विकून टाकू नका, कारण काही कॅसेट ड्राइव्ह वाचणार नाही. हे असे का, आणि काम कोणत्या क्रमाने करावे, ते पुढे सविस्तर लिहितो.

सोनीने १९८७ मध्ये बाजारात आणलेल्या डॅटची रचना ऑडिओ कॅसेटपेक्षा व्हिडिओ कॅसेटला जवळची आहे. फीत ३.८१ मिलिमीटर रुंद असते आणि सेकंदाला जेमतेम ८.१५ मिलिमीटर सरकते, पण तिच्यासमोर तिरका बसवलेला ३० मिलिमीटर व्यासाचा ड्रम मिनिटाला २,००० फेरे घेत असतो. ड्रमवरची दोन हेड आळीपाळीने फितीवर तिरक्या रेघा ओढतात. एका रेघेची रुंदी साधारण १३.६ मायक्रॉन असते आणि दोन रेघांची मिळून ३० मिलिसेकंदांची एक फ्रेम होते. ४८ किलोहर्ट्झच्या मुद्रणात या फ्रेममध्ये दोन्ही चॅनेलची प्रत्येकी १,४४० सॅम्पल (आवाजाची क्षणाक्षणाला घेतलेली मापे) असतात, म्हणजे ५,७६० बाइट निव्वळ आवाज, ४४.१ किलोहर्ट्झला प्रत्येकी १,३२३ सॅम्पल असतात. आवाजाखेरीज प्रत्येक फ्रेमबरोबर सबकोडही लिहिलेला असतो. त्यात टेपच्या सुरुवातीपासूनचा वेळ, गाण्याचा क्रमांक, गाणे सुरू झाल्याची खूण आणि, यंत्राला घड्याळ असेल तर, मुद्रणाची तारीख व वेळ असू शकते. काकांचे यंत्र घड्याळ असलेले असेल आणि त्यांनी ते लावलेले असेल, तर कोणती मैफल कोणत्या संध्याकाळी झाली हे डबीवरच्या पुसट अक्षरांपेक्षा फीत स्वतःच अधिक खात्रीने सांगेल.

डेक आणि ड्राइव्ह यांच्यातला खरा फरक येथे सुरू होतो. डेकच्या डिजिटल आउटपुटमधून आवाज येतो, पण सबकोडचा बराचसा भाग डेकच्या पडद्यावर दिसून तेथेच संपतो. ड्राइव्ह मात्र आवाज आणि सबकोड एकत्र, फ्रेमनिशी संगणकाच्या हवाली करतो. एसजीआयच्या आयरिक्स प्रणालीत ही फ्रेम ५,८२२ बाइटची धरलेली आहे: ५,७६० आवाजाचे आणि ६२ सबकोड व ओळखखुणांचे. हे ६२ बाइट क्षुल्लक वाटतात. प्रत्यक्षात उतरवलेल्या मुद्रणाची तपासणी त्यांच्याच आधाराने करता येते.

तथापि कोणताही टेप ड्राइव्ह आणून लावला की झाले, असे नाही. डॅटच्याच कॅसेटमध्ये संगणकाची माहिती साठवण्याची डीडीएस ही पद्धत एचपी आणि सोनी यांनी १९८९ मध्ये आणली आणि ती बॅकअपसाठी सर्वत्र वापरली गेली. तिचे ड्राइव्ह यंत्रदृष्ट्या डॅट डेकचे सख्खे भाऊ आहेत, पण बहुतेकांचे फर्मवेअर, म्हणजे ड्राइव्हमधला अंगभूत प्रोग्रॅम, ध्वनिमुद्रणाची कॅसेट ओळखत नाही. ती कोरी किंवा सदोष समजून बाहेर काढते. एसजीआयने आपल्या संगणकांबरोबर आर्काइव्हचे, पुढे कॉनरच्या नावाने आलेले पायथन ड्राइव्ह आणि नंतर सोनीचा एसडीटी-९००० हा ड्राइव्ह खास फर्मवेअर घालून दिला होता. ध्वनिमुद्रण वाचणारे ड्राइव्ह म्हणून प्रामुख्याने हेच शोधावेत. तेच मॉडेल दुसऱ्या कंपनीच्या बॅकअप यंत्रातून निघालेले असेल तर बाहेरून फरक कळत नाही, म्हणून विकत घेण्यापूर्वी फर्मवेअरची आवृत्ती विचारा आणि शक्य असल्यास ध्वनिमुद्रणाची एखादी कॅसेट वाचून दाखवायला सांगा. फर्मवेअर बदलून साधा ड्राइव्ह ध्वनिक्षम करण्याचे प्रयोग होतात, परंतु चुकीची प्रत चढवली तर ड्राइव्ह कायमचा निकामी होतो. हाताशी एकच ड्राइव्ह असताना हा खेळ करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता इंडीकडे वळू. १९९३ मध्ये आलेल्या या संगणकाच्या बाबतीत पहिली अडचण टेपची नसून घड्याळाच्या चिपची असते. त्या चिपमधली बॅटरी संपली की तारीख तर जातेच, शिवाय संगणकाचा नेटवर्क पत्ताही पुसला जातो आणि मग फाइली बाहेर पाठवण्याची वाट बंद होते. चिप बदलून ०८:००:६९ ने सुरू होणारा मूळ पत्ता पुन्हा भरावा लागतो. तो संगणकाच्या मागच्या लेबलवर पाहा. जुनी हार्ड डिस्क असेल तर तिच्यावर भरवसा ठेवू नका. मेमरी कार्डावर चालणारी स्कझी (डिस्क व ड्राइव्ह संगणकाला जोडण्याची त्या काळची पद्धत) डिस्क बसवणे हा आजचा शहाणपणाचा उपाय आहे. प्रणाली म्हणून आयरिक्स ६.५ घ्यावी. इंडीसाठी तिची ६.५.२२ ही शेवटची आवृत्ती आहे. तिची एक्सएफएस फाइलव्यवस्था मोठ्या फाइली सहज पेलते, तर जुन्या ईएफएसवर २ गिगाबाइटच्या फाइलमर्यादेचा अडसर येतो.

ही मर्यादा किती जवळची आहे ते पाहण्यासारखे आहे. ४८ किलोहर्ट्झला सेकंदाला १,९२,००० बाइट या हिशेबाने दोन तासांची ६० मीटर लांबीची कॅसेट सुमारे १.३८ गिगाबाइट जागा घेते. अनेक हौशी मुद्रक मात्र तीन तास सलग मिळावेत म्हणून संगणकासाठीच्या ९० मीटरच्या डीडीएस कॅसेट ध्वनिमुद्रणाला वापरत. गाणे रंगात आलेले असताना कॅसेट बदलावी लागू नये, हा त्यामागचा हेतू आपल्या मैफिलींच्या बाबतीत समजण्यासारखाच आहे. अशी भरगच्च कॅसेट सबकोडसह उतरवली की फाइल २ गिगाबाइटला अगदी टेकते. ९० मीटरची फीत अधिक पातळ असते आणि काही डेकमध्ये ती चुरगळते, म्हणून अशा कॅसेट वेगळ्या काढून सर्वांत शेवटी, हात बसल्यावर घ्याव्यात.

ड्राइव्ह बाहेरच्या पेटीत बसवून मागच्या स्कझी जोडणीला लावा, साखळीच्या टोकाला टर्मिनेटर लावा आणि ड्राइव्हला दुसऱ्या कोणाचा नसलेला क्रमांक द्या. शून्य क्रमांक संगणकाच्या स्कझी नियंत्रकाचा असतो आणि मुख्य डिस्क सहसा एकवर असते. मग जोडलेल्या भागांची यादी दाखवणारी एचआयएनव्ही (hinv) ही आज्ञा दिल्यावर यादीत टेप ड्राइव्हपुढे डॅट असा उल्लेख दिसला की अर्धे काम झाले. वाचण्यासाठी आयरिक्सबरोबर येणारा डॅटमॅन, किंवा नंतरच्या आवृत्त्यांतला डॅटप्लेअर, पुरेसा आहे. तो आवाज ऐकवतो आणि एआयएफएफ फाइल करून ठेवतो. थोडेफार प्रोग्रॅमिंग येत असेल तर मात्र प्रणालीतली डॅट ऑडिओची लायब्ररी वापरून संपूर्ण फ्रेम जशाच्या तशा डिस्कवर लिहिणारा छोटा प्रोग्रॅम करा, असे मी आग्रहाने सांगेन. त्यातून आवाज वेगळा काढणे हे नंतरचे काम आहे आणि ते कोणत्याही संगणकावर, कितीही वेळा करता येते. फीत मात्र किती वेळा नीट वाचली जाईल याची हमी नाही.

कॅसेट ड्राइव्हमध्ये घालण्यापूर्वी तिच्या मागची सरकती खिटी उघडी करून मुद्रणबंदी करा. खिडकीतून फितीच्या गुंडाळीवर पांढुरकी भुकटी किंवा ठिपके दिसले तर ती बुरशी आहे असे समजून कॅसेट बाजूला ठेवा. ती ड्राइव्हमध्ये गेली तर हेड खराब करील आणि पुढच्या चांगल्या कॅसेटनाही बाधेल. आपल्या काही कॅसेट मधल्या काळात गोव्यातल्या घरी होत्या असे आपण लिहिले आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो: किनारपट्टीच्या दमट हवेत कपाटात राहिलेल्या कॅसेट आधी कोरड्या, थंड खोलीत काही दिवस ठेवाव्यात, आणि गार खोलीतून उबदार खोलीत आणल्यावर लगेच लावू नयेत, कारण ड्रमवर बाष्प जमले की फीत त्याला चिकटते. चिकट झालेल्या जुन्या रिळांच्या फिती भाजून दुरुस्त करण्याची जी पद्धत आपण ऐकली असेल, ती घरी डॅटवर वापरू नका. वर्षानुवर्षे न हललेली फीत एकदा शेवटापर्यंत पुढे आणि परत सुरुवातीपर्यंत मागे गुंडाळली की ताण सारखा होतो. हे गुंडाळण्याचे काम ड्राइव्हऐवजी डेकवर केलेले बरे.

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. डिजिटल मुद्रण एक तर अचूक वाचले जाते किंवा अजिबात वाचले जात नाही, असा समज सर्रास आढळतो आणि डॅटच्या बाबतीत तो दिशाभूल करणारा आहे. फितीवरचा प्रत्येक अंक दुहेरी रीड-सॉलोमन संकेताने संरक्षित असतो, त्यामुळे किरकोळ चुका गणिताने पूर्णपणे दुरुस्त होतात आणि मूळ अंक तंतोतंत परत मिळतात. चुका त्याहून वाढल्या की डेक दुरुस्ती सोडून सारवासारव करू लागतो: हरवलेल्या सॅम्पलच्या जागी शेजारच्या सॅम्पलची सरासरी भरतो आणि अगदीच निरुपाय झाला तर आवाज बंद करतो. ही सोय वाजवण्यासाठी उत्तम आहे, जतनासाठी मात्र तीच घातक ठरते, कारण सरासरीने भरलेला तंबोऱ्याचा सूर कानाला जवळजवळ खराच वाटतो.

यातला सर्वांत फसवा प्रकार एका हेडवर मळ बसण्याचा आहे. डॅटमध्ये डाव्या चॅनेलची सम आणि उजव्याची विषम सॅम्पल एका रेघेत, तर उरलेली दुसऱ्या रेघेत लिहिलेली असतात. म्हणून दोनपैकी एक हेड पूर्णपणे आंधळे झाले तरी दोन्ही चॅनेलची निम्मी सॅम्पल हाती येतात आणि डेक मधली सॅम्पल अंदाजाने भरत राहतो. ऐकणाऱ्याला फक्त आवाज किंचित खरखरीत किंवा मंद वाटतो. तबल्याच्या चाटीची धार गेली, हार्मोनियम जरा पत्र्यासारखी झाली, तर जुने मुद्रण आहे असे म्हणून माणूस पुढे जातो. आणि अशा रीतीने अख्खी मैफल अर्ध्या माहितीवर उतरवली जाते. म्हणून ज्या डेकमध्ये चुकांचे प्रमाण आकड्यात दाखवण्याची सोय आहे, तोच डेक या कामासाठी घ्यावा. स्टुडिओंत रूढ असलेल्या पॅनासॉनिक एसव्ही-३७०० मध्ये ती होती. आकडा एकदम चढला की थांबा, हेड स्वच्छ करा आणि तो भाग पुन्हा घ्या.

ड्राइव्ह या बाबतीत काय करतो हे मॉडेल आणि फर्मवेअरवर अवलंबून असते. दुरुस्त न झालेली फ्रेम कधी फटक्यासारखा आवाज करीत तशीच येते, कधी आधीची फ्रेम पुन्हा दिली जाते, तर कधी फ्रेम गळूनच जाते. येथे ते ६२ बाइट उपयोगी पडतात. सबकोडमधला टेपच्या सुरुवातीपासूनचा वेळ फ्रेमपर्यंत मोजलेला असल्याने, एकामागून एक येणाऱ्या फ्रेमचा वेळ जेथे उडी मारतो किंवा अडखळतो, तेथे काहीतरी गळले किंवा दोनदा आले हे कान न लावताही कळते. मुद्रण करताना फीत सुरुवातीपासून सलग भरलेली नसेल, मध्ये कोरी जागा सोडलेली असेल, तर हा वेळ लिहिलेलाच नसतो. तेव्हा दुसरा उपाय करावा लागतो.

तो उपाय म्हणजे प्रत्येक कॅसेट किमान दोनदा वाचणे आणि दोन्ही वाचनांची तुलना करणे. दोन फाइलींची बेरीजखूण (चेकसम, म्हणजे सगळ्या बाइटांवरून काढलेला पडताळणीचा आकडा) काढून जुळते का ते पाहू नका, ती जुळणार नाही, कारण प्रत्येक वेळी वाचन थोड्या वेगळ्या फ्रेमपासून सुरू होते. पहिली समान फ्रेम शोधून तेथून पुढे दोन्ही फाइली ताडून पाहाव्यात. ज्या फ्रेम दोन्ही वेळा अंकन्‌अंक सारख्या आल्या त्या बहुधा खऱ्या आहेत; जेथे फरक पडला ती जागा शंकास्पद आहे आणि तेथे तिसरे वाचन करून दोघांचे एकमत कोठे होते ते पाहावे. माझ्या अनुभवात चांगल्या अवस्थेतल्या कॅसेटचे दोन्ही वाचन तंतोतंत जुळते, आणि जुळले नाही तर निम्म्याहून अधिक वेळा दोष फितीचा नसून मळलेल्या हेडचा निघतो. हेड स्वच्छ करताना आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेली मऊ चामड्याची पट्टी ड्रमवर स्थिर धरून ड्रम बोटाने हळू फिरवावा. पट्टी कधीही वरखाली घासू नये, हेड तुटते. कापसाची काडी तर येथे वापरूच नये.

वाचन चालू असताना इंडीवर दुसरे काही चालवू नका. टेपचा वेग स्कझीच्या क्षमतेच्या मानाने फारच कमी आहे, तरी संगणक मध्येच अडकला तर ड्राइव्ह फीत थांबवून मागे घेतो आणि पुन्हा जुळवून पुढे जातो. बॅकअपच्या ताज्या फितीला हे चालते. तीस वर्षांच्या जुन्या फितीला तेच ते घासणे नको.

काही छोट्या, पण हमखास आडव्या येणाऱ्या गोष्टी. फाइल वाजवल्यावर गाण्याऐवजी कानठळ्या बसवणारा खरखराट आला तर मुद्रण बिघडलेले नाही, बाइटांचा क्रम उलटा झाला आहे. तो बदलला की गाणे परत मिळते. एकाच कॅसेटवर काही भाग ४८ आणि काही ४४.१ किलोहर्ट्झला असू शकतो, तेव्हा दर बदलतो तेथे फाइल तोडावी, एका दराचे दुसऱ्यात रूपांतर करू नये. गाणे सुरू झाल्याच्या खुणांवरून फाइलचे आपोआप तुकडे करण्याची सोय बंद ठेवा. ही खूण फितीवर नऊ सेकंद टिकते आणि स्वयंचलित ठेवल्यास थोड्या शांततेनंतर आवाज वाढला की यंत्र ती स्वतःच टाकते. आपल्या संगीतात याचा परिणाम असा होतो की आलापीतला विराम हा नव्या गाण्याचा आरंभ ठरतो आणि एकाच ख्यालाचे पाच तुकडे होतात. खुणांची यादी जपा, फाइल अखंड ठेवा. तसेच काही यंत्रे उंच स्वरांना मुद्रणाच्या वेळी उठाव देत आणि तशी नोंद फ्रेममध्ये करीत. ती नोंद असेल तर आवाज फार चरचरीत वाटेल. तो मूळ फाइलमध्ये सुधारू नका, ऐकण्याच्या प्रतीत सुधारा.

फीत वाचवण्यासाठी काकांनी काही कॅसेट एलपी (लाँग प्ले) पद्धतीने मुद्रित केल्या असतील तर त्या वेगळ्या ठेवा. या पद्धतीत दर ३२ किलोहर्ट्झ, सॅम्पल १२ बिटांची आणि फितीचा वेग निम्मा असतो. चार तास मावतात, पण ड्राइव्ह आणि प्रोग्रॅम दोघांनाही ती समजेलच असे नाही. अशा कॅसेटसाठी एलपी वाजवणारा डेक घेऊन त्याच्या डिजिटल केबलवरून मुद्रण करणे सोपे पडते. तेव्हा एक पथ्य कटाक्षाने पाळा: आजच्या संगणकाच्या ध्वनियंत्राचे घड्याळ बाहेरच्या एस/पीडीआयएफ संकेतावर, म्हणजे डेककडून डिजिटल केबलने येणाऱ्या संकेतावर, लावा आणि दर डेकशी जुळवा. ते स्वतःच्या घड्याळावर राहिले तर दोन्ही घड्याळांतला सूक्ष्म फरक अधूनमधून सॅम्पल गाळतो आणि दर काही सेकंदांनी बारीक टिकटिक ऐकू येते. कॉपीवर मर्यादा घालणारी खूण पाहून एखादे ध्वनियंत्र मुद्रणच नाकारील. ड्राइव्हच्या मार्गात हा प्रश्न येत नाही.

उतरवलेली फाइल इंडीवर साठवून ठेवण्यात अर्थ नाही. त्याचे नेटवर्क सेकंदाला १० मेगाबिटचे आहे, म्हणजे दोन तासांची कॅसेट बाहेर पाठवायला साधारण पंचवीस मिनिटे लागतात. पुढची कॅसेट लावण्यापूर्वी हे पुरे करावे आणि दोन्हीकडच्या प्रतींची बेरीजखूण ताडून पाहावी. येथे ती जुळायलाच हवी.

शेवटी अशा काही कॅसेट उरतील ज्या ड्राइव्ह धड वाचत नाही आणि डेकवर आवाज मध्येमध्ये तुटतो, पण फीत मात्र स्वच्छ दिसते. बहुतेकदा ज्या यंत्रावर ते मुद्रण झाले त्याचे फीत नेणारे मार्गदर्शक खांब किंचित सरकलेले असतात, त्यामुळे रेघाच वेगळ्या कोनात पडलेल्या असतात. काकांचे मूळ यंत्र अजून घरात असेल, तर ते बंद पडलेले असले तरी टाकून देऊ नका; ते दुरुस्त करून त्याच्यावर या कॅसेट वाचणे हा पहिला पर्याय आहे. ते नसेल तर एखादा जुना डेक केवळ याच कामासाठी राखून, अनुभवी तंत्रज्ञाकडून त्याचे खांब त्या कॅसेटच्या कोनाला जुळवून घ्यावे लागतात. सोनीने डॅट यंत्रांचे उत्पादन २००५ मध्ये थांबवले आणि हे काम हाताने करणारे लोक आता मोजकेच आहेत, तेव्हा बाकीच्या कॅसेट संपण्याची वाट न पाहता या अवघड कॅसेटसाठी असा तंत्रज्ञ आताच शोधायला लागा.